बाळारामतात्यांचं आतडं

आमच्या शेजारच्या बाळारामतात्यांचं काळीज एकदा चार मिनिटं बंद पडलं आणि पुन्हा चालू झालं. गावाला ह्या गोष्टीचा भारी अभिमान. पाहुणा आला की त्याला आधी देऊळ दाखवायचे, मग मिठागर, मग तात्यांना. तात्या ओटीवर बसलेले असायचे. पाहुण्याला बस म्हणायचे, आणि काळजाबद्दल चकार शब्द काढायचे नाहीत. फारच खोदून विचारलं तर म्हणायचे, "काळजाचं काय घेऊन बसलाव, ते आपलं झालं चालू. खरा घोळ आतड्याचा झाला." पाहुणा बिचारा चहाचा कप धरून बसे. त्याला हवी असे काळजाची गोष्ट, आणि मिळे ती आतड्याची.

मीही तीच सांगणार आहे. पण तात्या कसे होते ते कळल्याशिवाय त्या आतड्यात काही मजा नाही, म्हणून आधी थोडं इकडचं तिकडचं.

मी लग्न होऊन आले तेव्हा गावात वीज नव्हती आणि सातिवलीला कारखानेही नव्हते. खाडी, खाडीचा बांध, बांधाच्या आत भातशेती आणि मिठागरं, एवढंच. बांधात एक दार असतं, त्यातून भरतीचं पाणी मिठागरात घ्यायचं. त्या दाराला उघाडी म्हणतात. दार म्हणजे काय, दोन दगडी खांब, खांबांना खाचा, आणि खाचांत एकावर एक बसवलेल्या सात फळ्या. त्या फळ्या काढायचं आणि घालायचं काम तात्यांचं. त्यांच्या बापाचंही तेच होतं.

आता हे काम दिसतं सोपं. पण मिठागराची जमीन पायांनी तुडवून तुडवून ताटासारखी केलेली असते, आणि उन्हात कोरडी ठणठणीत पडलेली असते. तिच्यावर भरती एकदम सोडली तर तळ उखडतो, चिखल वर येतो, आतले बांध फुटतात. म्हणून तात्या एक फळी काढायचे आणि विडी पेटवायचे. जमीन पाणी प्यायली, गप्प झाली, की दुसरी फळी. मग परत विडी. कुणी घाई केली तर म्हणायचे, "तहानलेल्याला पानी पाजायचं असतं, त्याच्यावर ओतायचं नसतं."

इथवर ठीक होतं. पण माणसानं ही रीत उघाडीवर ठेवून घरी यावं की नाही? तात्या ती घरी घेऊन यायचे. आंबा खायला बसले की दुपार जायची. आधी हुंगायचे, मग देठाशी चीक पुसायचे, मग ठेवून द्यायचे आणि गोठ्यात एक चक्कर मारून यायचे. भाकरीचे आठ तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यामध्ये थोडं थांबायचे, जसं काही आत कुणीतरी तो तुकडा उतरवून घेतंय. गावात वीज आली तेव्हा सगळ्यांच्या घरी लख्ख दिवे लागले. तात्यांनी मात्र आठ दिवस झिरोचा बल्ब ठेवला, पुढचे आठ दिवस पंधराचा. घराच्या डोळ्यांना सवय व्हायला पाहिजे म्हणाले. जमनाकाकी, म्हणजे त्यांची बायको, चुलीजवळ अंधारात चाचपडत भाकऱ्या थापायची आणि आमच्या झगझगीत खिडकीकडे बघायची.

काकी सांगायची, लग्न ठरायच्या वेळी तात्या पहिल्यांदा आले ते नुसते तिच्या बापाशी बांधावर बोलून गेले. दुसऱ्यांदा आले तेव्हा ती पाठमोरी धुणं धूत होती, तेवढी पाठ बघून गेले. तिसऱ्या खेपेला तिच्या हातचं पाणी प्यायले, पण मान वर केली नाही. शेवटी तिच्या बापानं विचारलं, की बाबा रे, तोंड कधी बघणार, पोरगी म्हातारी व्हायला लागली. तर तात्या म्हणाले, "घाई काय हाय? तोंड लग्नात बघीन."

पण खरी कमाल होती ती निरोप सांगण्यात. गावात कुणी वारलं की परगावच्या नातेवाइकांना वर्दी द्यायला तात्यांनाच धाडायचे, कारण ते ऐकणाऱ्याला सांभाळून सांगतात अशी ख्याती. त्यांची पहिली फळी ठरलेली. पाणी मागायचे, पावसापाण्याचं बोलायचे आणि मग म्हणायचे, "त्यांना जरा बरं नाय." मग विडी. मग, "ताप वाढलाय म्हनतात." मग अंगणात जाऊन यायचे. मग, "डाक्टरला बोलवलंय." असं करत करत माणूस हळूहळू मरायचा, ऐकणाऱ्याच्या समोर, अगदी सोयीसोयीनं. कामणला एका म्हातारीला तिचा भाऊ गेल्याचं सांगायला गेले, तर तिनं तीन वेळा चहा केला, शेवटी तिचं दूध संपलं. तेव्हा तीच म्हणाली, "मेला ना रे तो? मग सांग की, मला आंघोळीचं पाणी तापवायचंय."

चांगली बातमीही अशीच. त्यांचा पुतण्या वसंत, त्याला सातिवलीच्या नटबोल्टच्या कारखान्यात नोकरी लागल्याची चिठ्ठी तात्यांच्या हाती पडली. पहिल्या दिवशी म्हणाले, "वसंता, टपालवाला येऊन गेला." दुसऱ्या दिवशी, "कारखान्यांतून कागद येतात म्हने हल्ली." तिसऱ्या दिवशी कागद दिला, तर हजर व्हायची तारीख तीच होती, आणि दुपार झालेली. वसंत बांधावरून पळत गेला तो अजून गावाला आठवतो.

तर वीस-पंचवीस वर्षं हे असं चाललं. त्यामुळे गावाला एक सवय लागली, आणि त्या सवयीनंच पुढचा सगळा गोंधळ झाला. आमच्या गावात "जरा बरं नाही" ह्याचा अर्थ एकच. माणूस गेला. सर्दी झाली तर लोक सरळ सर्दी झाली म्हणायचे. जरा बरं नाही असं म्हणायची कुणाची छाती नव्हती.

चौऱ्याऐंशी किंवा पंच्याऐंशी साल असेल. उधाणाची भरती होती. पाण्यानं फुगून घट्ट बसलेली फळी ओढताना तात्यांच्या छातीत कळ आली आणि ते बांधावरच बसले. वसंत तिथेच होता. त्यानं कारखान्याचा टेम्पो मिळवला आणि त्यांना तडक वसईतल्या एका दवाखान्यात नेलं. तिथं तपासायच्या टेबलावर झोपवलं आणि काळीज बंद. तिथले डॉक्टर प्रधान, तरणे, नुकतेच शिकून आलेले. ते टेबलावर चढले आणि दोन्ही हातांनी तात्यांची छाती दाबायला लागले, ते चार मिनिटं दाबत राहिले. दोन बरगड्या मोडल्या, पण काळीज चालू झालं. तात्यांनी डोळे उघडून पहिलं काय बघितलं, तर आपल्या छातीवर बसलेला घामाघूम पोरगा.

डॉक्टरांनी वसंतला सांगितलं, घरी जा, काकीला घेऊन ये, पण बाईमाणूस आहे, घाबरवू नकोस, जरा सांभाळून सांग. झालं. सांभाळून सांगायची एकच तऱ्हा वसंतला ठाऊक होती. तो आला, काकीकडे पाणी मागितलं, आणि म्हणाला, "तात्यांना जरा बरं नाय."

शेजारच्या ओटीवर मी तांदूळ निवडत होते. माझ्या हातातलं सूप खाली पडलं. समोरच्या घरातून रडणं सुरू झालं, मग त्याच्या पलीकडच्या. वसंत म्हणायला लागला, नाही नाही, खरंच नुसतं बरं नाही. लोक म्हणाले, हो रे बाबा, कळलं, तू धीर धर. तो म्हणाला, "काळीज बंद पडलेलं." हे सगळ्यांनी ऐकलं. "पन चालू झालं," हे कुणीही ऐकलं नाही. पोरगा बरोबर तात्यांच्या वळणावर गेलाय, कसं एकेक करून सांगतोय, असं एक म्हातारा डोळे पुसत म्हणाला. तोवर पुरुषमंडळी बांबू तोडायला गेली होती, आणि एकजण कामणला तात्यांच्या बहिणीला वर्दी द्यायला निघाला होता. तो तिथं काय म्हणाला असेल ते सांगायला नको.

काकी नुसती बसली होती. डोळ्याला पाणी नाही. एक आजी तिच्या बांगड्या फोडायला पुढं सरली तेव्हा काकीनं हात पदरात घेतले. म्हणाली, "आदी बघते. मग फोडते."

टेम्पो एकच, आणि त्यात बांबू भरून झालेले. ते उतरवण्यात वेळ जाईल म्हणून तसेच निघालो. काकी, मी, वसंत आणि सहा पुरुष. मला का नेलं, तर मी घरी बसून, पुड्यांचे कागद वाचून वाचून वाचायला शिकले होते आणि दवाखान्यातल्या पाट्या मला वाचता येतील म्हणून. दवाखान्यात शिरलो, तर तात्या पलंगावर उशीला टेकून बसलेले. दारात सहा माणसं हातात बांबू घेऊन उभी. तात्यांनी आधी बांबूंकडे बघितलं.

"उघाडीचा खांब गेला काय रे?"

 काकीच पुढं झाली. म्हणाली, "तुमी वारलाव असं कळलंय."

"कोनी सांगितलं?"

"वसंतनी."

"एकदम सांगितलं?"

"नाय. बरोबर सांगितलं. आदी जरा बरं नाय म्हनाला."

तात्यांनी वसंतकडे बघून मान हलवली. इतकं समाधान मी त्यांच्या तोंडावर कधीच बघितलं नव्हतं.

त्या दिवशी सगळे हसत परत गेले. मी आणि काकी राहिलो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांचं पोट दुखायला लागलं. दुपारपर्यंत ते नगाऱ्यासारखं फुगलं आणि शौचाला रक्त पडलं. डॉक्टरांनी तोंडानं काहीही द्यायचं बंद केलं, पाणीसुद्धा. नाकातून नळी घातली, हाताला सलाइन लावलं. मग स्टूल ओढून बसले आणि आम्हाला समजावून सांगितलं. फार चांगलं सांगितलं हो, अजून माझ्या ध्यानात आहे. म्हणाले, काळीज बंद पडतं तेव्हा शरीर घाबरतं आणि जे काय रक्त असेल ते डोक्याकडे पाठवतं. आतडं बिचारं उपाशी राहतं. मग काळीज सुरू होतं, रक्त परत येतं, आपल्याला वाटतं सुटलो. पण उपासानं जेवढं बिघडत नाही तेवढं त्या परत आलेल्या रक्तानं बिघडतं. आतड्याचं आतलं अस्तर सोलवटून निघतं. पुस्तकांतून हे आत्ता आत्ता यायला लागलंय, पूर्वी आम्हालाही माहीत नव्हतं.

तात्या डोळे मिटून ऐकत होते. विचारलं, "किती वेळ कोरडं होतं?"

"चार मिनिटं."

"आनि सोडलं ते किती फळ्यांनी?"

डॉक्टरांना काही कळेना. मग मी त्यांना उघाडी सांगितली, मिठागर सांगितलं, विडीसुद्धा सांगितली. ते ऐकत राहिले. मग खाली मान घालून म्हणाले, एकदमच सोडलं.

"तरीच," तात्या म्हणाले.

"तात्या, काळीज अर्धं चालू करता येत नाही हो."

"तुमी करून बघितलं?"

डॉक्टर स्टूल सरकवून उठले. तात्यांनी त्यांना मोठ्या मनानं माफ केलं, वय लहान आहे म्हणाले. पण नंतर जो कुणी भेटायला येई त्याला हेच सांगत, की माणूस गुणी आहे, पण उघाडीवर ठेवायच्या कामाचा नाही.

आता खरी अडचण सांगते. काकीनं जन्मात कधी तात्यांच्या आधी घास घेतला नव्हता. त्यांचा आठवा तुकडा संपला की हिनं ताट ओढायचं, ही रीत. आमच्याकडे त्या काळी सगळ्याच बायका तसं करायच्या, पण आम्ही आपल्या आजारपणात, पाहुण्यांत, कधी चोरून खायचो. काकीचं तसं नव्हतं. तात्यांनी भरती सोडायला रात्र केली तर ही तशीच बसायची. तर आता तात्या उपाशी, म्हणून ही उपाशी. पहिल्या दिवशी मला वाटलं, धसका घेतलाय, उद्या जेवेल. दुसऱ्या दिवशीही नाही. तिची भाकरी फडक्यात बांधलेली, मी ती रोज बदलायची, शिळी कुत्र्याला घालायची आणि ताजी बांधून ठेवायची. तात्यांना हे ठाऊक नव्हतं. ते गुंगीत असायचे, आणि शुद्धीवर आले की काकी तोंड पुसून बसायची, जेवून उठल्यासारखी.

वॉर्डात रेजिना नावाची नर्स होती. पश्चिमेकडच्या वाडीतली, केळीबागायतदाराची लेक, बोलायला तिखट आणि मनानं लोणी. तिनं काकीला खूप समजावलं. शेवटी सलाइनच्या बाटलीकडे बोट दाखवून म्हणाली, मावशी, ह्यात साखर आहे, हे तुझ्या नवऱ्याच्या अंगात चाललंय, म्हणजे तो जेवतोय, आता तूही जेव. काकीनं बाटलीकडे बराच वेळ बघितलं. म्हणाली, ते जेवण नाही, ते पिणं आहे. पण बरोबर आहे, ते पितात म्हणजे मला प्यायला हरकत नाही. आणि त्या दिवसापासून तात्यांना एक बाटली चढली की काकी मोजून तेवढंच साखरेचं पाणी प्यायची. रेजिना तिच्यासाठी रिकामी बाटली धुऊन, उकळून आणायची. तात्यांची संपत आली की काकी आपली उचलायची. डॉक्टरांनी हे बघितलं तेव्हा ते बाहेर जाऊन उभे राहिले थोडा वेळ.

तर असं झालं, की तात्यांच्या आतड्यावर आता दोन माणसं लटकली. डॉक्टर दर दोन-तीन तासांनी यायचे, पोटाला नळी लावून ऐकायचे आणि मान हलवायचे. निरोगी पोट आतून बोलत असतं म्हणाले, हे गप्प आहे. आतडं जागं झालं की गुरगुर ऐकू येईल, आणि मग वारा सुटेल. वारा सुटला की जिंकलो. नाही सुटला तर आतडं मेलं असं धरायचं, आणि मुंबईला नेऊन पोट फाडून मेलेला भाग कापायचा. त्यात तात्या वाचतील का, असं मी विचारलं. ते म्हणाले, ह्या वयात, दोन-तीन दिवसांपूर्वी बंद पडलेल्या काळजावर, मी सांगू शकत नाही.

मग काय, सगळा वॉर्ड तात्यांच्या वाऱ्याची वाट बघायला लागला. दहा खाटा होत्या. सकाळी लोक एकमेकांना आधी तेच विचारायचे. रेजिनानं चर्चमध्ये मेणबत्ती लावली. फादरांनी विचारलं कुणासाठी, तर तिनं खरं कारण सांगितलं, आणि फादर म्हणाले, लाव बाई, तेही देवानंच केलंय. गावाहून भेटायला आलेली माणसं खाटेभोवती गप्प बसून राहायची, कान देऊन. एखाद्याची खुर्ची करकरली की सगळे वर बघायचे.

चौथ्या दिवशी संध्याकाळी डॉक्टरांनी पोटाला नळी लावली आणि हात वर केला, गप्प राहा म्हणून. मग नळी काढून ती तात्यांच्याच कानात घातली. तात्यांनी ऐकलं. त्यांचा चेहरा उघाडीवर असायचा तसा झाला.

"पानी लागलंय," म्हणाले. "बारीक हाय. पन लागलंय."

डॉक्टर म्हणाले, नुसता आवाज पुरत नाही. ताप वाढतोय. उद्या दुपारपर्यंत वारा सुटला नाही तर मी वाट बघणार नाही, गाडी सांगून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता गाडी दारात आली. स्ट्रेचर खाटेला लावलं. वसंत आला होता, त्यानं तात्यांच्या पायाला हात लावला. डॉक्टर कागद लिहीत होते. तेवढ्यात तात्या म्हणाले, "डाक्टर, आज वातावरन बरं हाय."

डॉक्टर म्हणाले, हो तात्या, रस्ता मोकळा असेल.

"काल जरा कोंदलेलं होतं."

डॉक्टर लिहीतच होते. दोघांनी तात्यांना उचलून स्ट्रेचरवर ठेवलं. तात्या म्हणाले, "पोटबी कालच्यापरीस जरा हलकं वाटतंय." डॉक्टर म्हणाले, इंजेक्शन दिलंय, त्यामुळे वाटत असेल. स्ट्रेचर दारापर्यंत गेलं. तात्यांनी विडी मागितली, ती अर्थातच मिळाली नाही. मग ते छताकडे बघत म्हणाले, "सकाळच्या पारी खाडीवर कसा वारा असतो, म्हनजे नाय म्हनायला..."

मी काकीकडे बघितलं. ती भिंतीला धरून उभी होती. पाच दिवस पोटात घास नाही, नुसतं साखरेचं पाणी. तिचे ओठ हलत होते. जी नवऱ्यासमोर परपुरुषाशी कधी मान वर करून बोलली नव्हती ती बाई त्या दहा खाटांच्या वॉर्डात, डॉक्टर, वसंत, गाडीवाला, सगळ्यांसमोर बोलली.

"ते पादलेत. सकाळी सात वाजता पादलेत. दोनदा."

 तात्यांनी डोळे मिटले, शरमेनं. डॉक्टर कागद टाकून धावत आले, पोट दाबलं, नळी लावली, बराच वेळ ऐकलं, आणि मग तिथंच जमिनीवर बसले. म्हणाले, तात्या, सातपासून मला का सांगितलं नाहीत? तात्या म्हणाले, "सांगतच होतो की." कोपऱ्यातल्या खाटेवरचा मोडक्या पायाचा माणूस टाळ्या वाजवायला लागला, मग सगळेच वाजवायला लागले. रेजिना रडत होती. गाडीवाल्याला कुणीतरी चहा दिला आणि तो रिकामाच परत गेला.

ह्या एका वाक्यासाठी तात्या काकीवर पुढं वर्षभर रुसले होते. तिनं मारलं असतं तरी चाललं असतं, पण हे असं एकदम, सगळ्यांत, असं ते मला म्हणाले. मी म्हटलं, तिनं नसतं सांगितलं तर तुमचं पोट फाडलं असतं. त्यावर म्हणाले, मी वाटेत सांगितलंच असतं, मुंबई काय जवळ आहे?

ते पुढं आठ पावसाळे जगले. पोट तसं नाजूकच राहिलं, तेलकट चालत नसे, आणि उघाडीवर वसंत जायचा, हे काठावर बसून विडी न ओढता त्याला शिव्या द्यायचे. डॉक्टर प्रधान वर्षातून एकदा यायचे, पोट बघायला म्हणून, आणि भरती बघत बसायचे. शेवटी तात्या वारले ते काळजानंही नाही आणि आतड्यानंही नाही. झोपेत गेले, एकदम. त्यांना ते मुळीच आवडलं नसतं. मी तेव्हा माहेरी होते, त्यामुळे शेवटचं दर्शन मला झालं नाही. पण माझ्यापुरतं शेवटचं म्हणून मी जे डोळ्यांत ठेवलंय ते दवाखान्यातलंच आहे. ते मी मुद्दाम मागं ठेवलं होतं.

वारा सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी नाकातली नळी काढली आणि पेजेला परवानगी दिली. पण बजावून सांगितलं, दर अर्ध्या तासाला एक चमचा. जास्त नाही. आतडं सोललेलं आहे, त्याच्यावर ओतायचं नाही. तात्या खूष झाले. म्हणाले, आता शिकलात. रेजिनानं पातळ पेजेची वाटी आणून दिली, आणि काकी चमचा घेऊन बसली. पहिला चमचा तात्यांनी तोंडात घोळवून घोळवून गिळला आणि पोटावर हात ठेवून वाट बघितली. मग मान डोलावली.

रेजिना काकीला म्हणाली, झालं मावशी, जेवला तो, आता तू जेव. काकी हळूच म्हणाली, वाटी संपू दे. मी मनात हिशेब केला. त्या वाटीत वीस तरी चमचे होते. उद्या सकाळ झाली असती.

अर्धा तास झाला. काकीनं दुसरा चमचा भरला. तो तात्यांच्या तोंडापर्यंत पोचला नाही. हात इतका थरथरत होता, की निम्मी पेज चादरीवर सांडली. तिनं पदरानं पुसलं, परत भरला, परत सांडला. तात्या तिच्या हाताकडे बघायला लागले. मग मनगटाकडे. बांगड्या कोपरापर्यंत सरकलेल्या होत्या. मग तोंडाकडे बघितलं, ओठांना पडलेल्या चिरा, आत गेलेले डोळे. मग पलंगाखालच्या फडक्यातल्या भाकरीकडे. मला वाटतं, आतापर्यंत त्यांनी तिला सहा दिवसांत नीट बघितलंच नव्हतं.

"कवापास्नं?" त्यांनी विचारलं.

काकी चमचा परत भरायला लागली. तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "उघाडीवर कळ आली त्या दिवसापासनं."

तात्यांनी हात पुढं केला, काकीच्या हातातली वाटी घेतली, चमचा काढून बाजूला ठेवला, आणि ती आख्खी वाटी तोंडाला लावली. मधे श्वास घेतला नाही. मी एवढ्या वर्षांत त्यांना पाणीसुद्धा असं पिताना बघितलं नव्हतं. रेजिना ओरडत धावली तोवर वाटी रिकामी होती. त्यांनी ती पालथी करून दाखवली.

"झालं माजं," म्हणाले. "जेव आता."

रेजिना डॉक्टरांना बोलवायला पळाली. मी तिच्यामागं निघाले, आणि दारातून वळून बघितलं. तात्या दोन्ही हात पोटावर ठेवून ताठ बसले होते, घाबरलेले, आत कान लावून, आता काय होतंय त्याची वाट बघत. आणि काकीनं भिंतीकडे तोंड करून फडकं सोडलं होतं. भाकरी मोडायलाही ती थांबली नाही, आख्खीच तोंडाला लावली होती. तात्या तिच्याकडे बघत होते, आणि हळू खा असं त्यांनी म्हटलं नाही.